सोन्याची सुई आणि तरोट्याचे बी

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की वाशिम जिल्ह्यात बांधावर, गावठाणात, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. इतरत्र त्याला टाकळा म्हणतात. कोवळ्या पानांची भाजी होते. पुढे पिवळी फुले आणि बारीक वाकड्या शेंगा येतात, आणि मग त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. या तरोट्याचे बी चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षे डोळ्यांचे औषध म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील नाव ज्युएमिंग. त्यातील ‘मिंग’ म्हणजे उजेड, स्पष्ट दिसणे. आपल्या आयुर्वेदात हीच वनस्पती चक्रमर्द, म्हणजे प्रामुख्याने गजकर्णावरचे औषध. एकच बी, दोन देश, दोन निराळे उपयोग.

हा थ्रेड लिहिण्याचे कारण मात्र घरगुती आहे. आजीची काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि आठवड्याभरात नातेवाइकांच्या गटावर एक संदेश फिरू लागला: चिनी लोक हजारो वर्षे डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वनौषधीच घेत आले आहेत, थेंबांची गरज नाही. आजीने दोन दिवस थेंब घातले नाहीत. संदेशात ‘इतिहास साक्षी आहे’ असे वाक्य होते. तेव्हा साक्षीदारालाच बोलावू या.

पहिली साक्ष सुश्रुतसंहितेची. तिच्या उत्तरतंत्रात लिंगनाशाची, म्हणजे आजच्या मोतीबिंदूशी जुळणाऱ्या विकाराची शस्त्रक्रिया आहे. ऋतू फार उष्ण नको, फार थंड नको. रुग्णाने आपल्या नाकाकडे दृष्टी लावून बसायचे. वैद्याने उजव्या हाताने डावा डोळा आणि डाव्या हाताने उजवा डोळा वेधायचा, तोही यवाच्या टोकासारख्या शलाकेने, बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूने. धूसर झालेले भिंग काढले जात नसे, दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारले जाई. त्यानंतरचा भाग मला अधिक विलक्षण वाटतो. डोळ्याला तूप लावून पट्टी बांधायची, रुग्णाने उताणे निजायचे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे, अंग हलवणे सारे वर्ज्य. दर तिसऱ्या दिवशी वातनाशक काढ्याने डोळा धुवायचा. हे पथ्य दहा दिवसांचे. ज्या क्रियांनी डोळ्यावर ताण येतो, नेमक्या त्याच येथे निषिद्ध आहेत.

ही सुई बौद्ध भिक्षूंबरोबर मध्य आशियामार्गे चीनला पोचली. तो काळही पाहण्यासारखा आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. तेथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले. वाशिमहून सुई चीनला गेली, असे म्हणण्याचा मोह आपण टाळू. पण भिक्षुसंघाच्या ज्या जगातून ती गेली, त्याचे आश्रयदाते येथेही होते. चीनमध्ये नेत्रविद्येचा ग्रंथ नागार्जुनाच्या नावावर चालत असे, आणि तिबेटी परंपरा नागार्जुनाचा जन्म विदर्भात मानते. (नागार्जुन नावाच्या व्यक्ती एकाहून अधिक होत्या, त्यामुळे लगेच छाती फुगवू नये.)

आता खरी साक्ष. इ. स. ७५२ मध्ये वांग ताओ या चिनी अधिकाऱ्याने एक प्रचंड वैद्यकसंग्रह सिद्ध केला. त्यात भारतीय मूळ सांगणारा नेत्रविषयक भाग आहे. तो शिए आडनावाच्या साधकाने पश्चिमेकडील एका परदेशी भिक्षूकडून मिळवला, अशी नोंद आहे. त्यात दोन विकार वेगळे केले आहेत. एकात वेदना नाही, बाहुलीच्या आत पांढुरका पडदा येतो, पण उजेड-अंधार कळतो. त्यावर सोन्याच्या सुईचा उपाय. दुसऱ्यात बाहुलीत हिरवट झाक येते. त्यावर त्वरित उपचार करावा, कारण तो विकार एकदा पक्का झाला की डोळा वाचवता येत नाही. पहिला मोतीबिंदू, दुसरा बहुधा काचबिंदू. गंमत म्हणजे ग्लॉकोमा हा शब्दही ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ निळसर-हिरवा. आपल्या जुन्या ग्रंथांतला ‘काच’ मात्र वेगळ्याच अवस्थेला म्हटले आहे, तेव्हा नावावरून रोग ओळखण्याची घाई नको.

आणि वनौषधी? आहे ना. सुई झाल्यावर रुग्णाने रेवंदचिनीच्या गोळ्या घ्याव्यात, पण जोराचे रेचन होऊ देऊ नये. भारतीय सुईला जोडलेली ही चिनी शुश्रूषा. रेवंदचिनी पोट साफ करते. त्या ग्रंथाची उपपत्ती उष्णता व वाऱ्याची आहे. पण ताज्या जखमेच्या डोळ्याने कुंथू नये, हे शहाणपण त्यामागे असावे असा माझा तर्क. क्रम लक्षात घ्या: आधी सुई, मग गोळी.

याहून बोलका साक्षीदार म्हणजे कवी बाय ज्यूयी (७७२–८४६). त्याची दृष्टी मंद होत गेली. डोळ्यांच्या आजारावरील कवितेत तो मेजावरचा नागार्जुनाचा ग्रंथ आणि डबीतल्या ज्युएमिंगच्या, म्हणजे आपल्या तरोट्याच्या बियांच्या गोळ्या, दोन्हींचा उल्लेख करतो. दोन्ही त्याला व्यर्थ वाटतात. त्याला हवी असते सोन्याची सुई. वनौषधीच्या त्या सुवर्णयुगातला रुग्ण स्वतःच असे म्हणतो!

काचबिंदूला मात्र सुईचाही उपयोग नव्हता. १८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे याने बुबुळाचा तुकडा काढून तीव्र काचबिंदू शमवता येतो हे दाखवले. आज रूढ असलेली ट्रॅबेक्युलेक्टॉमी १९६८ मधील, केर्न्स यांची. तिच्यात डोळ्यातील द्रव बाहेर पडण्यासाठी पांढऱ्या भागात बारीकशी वाट केली जाते. येथे एक पेच आहे. शरीर जखम भरू पाहते, आणि ती पूर्ण भरली तर वाट बुजते, दाब पुन्हा चढतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे थेंब जखमेचे भरणे आवरून धरतात. ‘जखम लवकर भरते’ अशी ज्या औषधाची जाहिरात होते, ते येथे उपकारक असेलच असे नाही. शिवाय काही चिनी वनौषधी रक्त पातळ करतात.

आजच्या चीनमध्ये काचबिंदूच्या रुग्णांना शस्त्रक्रियेबरोबर वनौषधीही दिल्या जातात. युन्नान प्रांतातील ‘तंगचान’ या फुलझाडावर, दृष्टीची नस जपण्याच्या आशेने, बरेच संशोधन झाले आहे. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांचा पुरावा अजून तोकडा आहे. पण तेथेही ती जोड आहे, थेंब किंवा शस्त्रक्रियेच्या जागी नाही.

आजीला हे सारे सांगितले. वांग ताओमध्ये तिला रस नव्हता. कवीच्या डबीत तरोटा होता, हे ऐकून मात्र ती हसली. थेंब तिसऱ्या दिवशी सुरू झाले. पुढच्या तपासणीला दाब आटोक्यात होता, आणि आखाडात तिने तरोट्याची भाजी भाकरीबरोबर दोनदा मागून घेतली.