पडण्याआधीची तपासणी

‘गेल्या सहा महिन्यांत पडलात का?’ असं विचारलं तर आपल्याकडचा पेशंट बहुधा ‘नाही’ म्हणतो. भिंत धरून सावरला, सुनेने दंड पकडला, बसता बसता बाजेवर कोसळला, हे त्याच्या लेखी पडणं नव्हेच. म्हणून हाच प्रश्न घरच्यांनाही विचारायचा, आणि ‘तोल जाता जाता वाचलात का?’ असाही विचारायचा. तोल तपासण्याच्या या विषयात नव्याने येणाऱ्या, उद्या धुळ्यात, जळगावात किंवा चोपड्या-शिरपुराकडे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं स्वागत मी याच प्रश्नापासून करतो.

पक्षाघात, कंपवात, लहान मेंदूचे आजार, मधुमेहाने बधिरलेले पाय: प्रत्येकात तोल जातो, पण कारण वेगळं असतं. ते शोधणारी जुनी चाचणी बर्लिनच्या मोरित्झ रोम्बर्ग यांची, एकोणिसाव्या शतकातली. पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. पायांकडून येणारी जाणीव हरवली असेल तर तोवर डोळ्यांनी सांभाळलेला तोल तिथे सुटतो. ‘तोंड धुताना झोक जातो’, ‘लाइट गेली की पाऊल टाकवत नाही’ असं पेशंट सांगतो, तेव्हा अर्धी चाचणी त्याने घरीच केलेली असते.

कॅथरीन बर्ग आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये कॅनडात मांडलेल्या तोलाच्या मापनश्रेणीत 14 कृती आहेत. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 56. पंचेचाळीसच्या खाली धोका, असं सर्रास शिकवलं जातं, आणि मग तो आकडा परीक्षेतल्या पासिंगसारखा वापरला जातो. मला ते पटत नाही. 44 आणि 46 गुणांच्या दोन माणसांत फारसा फरक नसतो. गुण कुठे गेले ते पाहा: एका पायावर उभं राहताना, जागच्या जागी गिरकी घेताना, की मागे वळून बघताना? उपचार तिथून सुरू होतात.

1991 ची ‘उठा आणि चाला’ चाचणी आणखी सोपी. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं; आपण सेकंद मोजायचे. कंपवातात मात्र घड्याळापेक्षा वळणाकडे लक्ष द्या. तिथे पावलं बारीक होतात, पाय जमिनीला खिळतात. चालताना बोलतंही करा. बोलायला लागताच जे थांबतात ते पुढे जास्त पडतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये वृद्धांच्या बाबतीत दाखवलं. ‘आबा, यंदा केळीला काय भाव मिळाला?’ एवढं विचारलं तरी पुरे. उत्तरासाठी आबा जागीच थांबले, तर तशी नोंद करा.

अडचण अशी की ही चाचणी खुर्चीतून सुरू होते, बर्ग यांची पहिली कृतीही तीच. आपला पेशंट जेवतो पाटावर, संडासाला उकिडवा बसतो, आणि जरा बरं वाटलं की बागेत निघतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत पायाखाली ओली काळी माती आणि ठिबकच्या नळ्या. लकव्याच्या पायातून अंगठ्याची चप्पल निसटते ती अशाच ठिकाणी. म्हणून भुईवरून उठणं, उकिडवं बसून उठणं, उंबरठा ओलांडणं हेही तपासावं, आणि पेशंटच्याच चपलांत तपासावं. एक पथ्य मात्र पाळा: या निरीक्षणांचे गुण बर्ग यांच्या बेरजेत मिसळू नका. ती शब्दांत, वेगळी लिहा. नाहीतर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडता येणार नाही.

उभं राहताच तोल जाण्यामागे रक्तदाबही असू शकतो; तो आडवं असताना आणि उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. कंपवातात आजारानेही तो उतरतो, औषधांनीही. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि रात्री उठायला नको म्हणून म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत.

साहित्य फार लागत नाही. हातांची एक खुर्ची, मोजपट्टी, घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र आणि मोकळी जागा. तपासताना पेशंटच्या दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा. कंपवातात खांद्यांना मागून हिसका देऊन तोल पाहायचा असेल, तर आपल्या पाठीशी भिंत ठेवा.