हाली आणि कलदार : वर्धा नदीकाठच्या दोन रुपयांचा विनिमय दर

प्रस्तावना

भद्रावतीहून दक्षिणेस निघून चंद्रपूर व बल्लारपूर मागे टाकले की वर्धा नदीपलीकडे राजुरा लागते. आज हे अंतर केवळ एका पुलाचे आहे. 1948 पर्यंत मात्र येथे दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे मध्य प्रांतातील चांदा जिल्हा, तर पलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा राजुरा तालुका. अलीकडे ब्रिटिश सरकारचा ‘कलदार’ रुपया चाले आणि पलीकडे निजामाचा ‘हाली’. दोहोंचे नाव रुपयाच, दोहोंचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. मूल्य मात्र भिन्न. या दोन नाण्यांमधील दराचे स्वरूप तपासणे आणि स्थानिक आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात त्याकडे दुर्लक्ष झाल्यास कोणती गफलत होते ते दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

दराचा आधार

1835 च्या कायद्यान्वये कंपनी सरकारने 180 ग्रेन वजनाचा व 165 ग्रेन शुद्ध चांदी असलेला रुपया प्रचारात आणला. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडला जाऊ लागलेला, चारमिनारची आकृती असलेला हाली रुपया 172.5 ग्रेनचा होता व त्यात चांदीचे प्रमाण शेकडा 81.8, म्हणजे सुमारे 141 ग्रेन होते. केवळ चांदीचा विचार केल्यास 100 कलदारांस सुमारे 117 हाली पडतात. अधिकृत दर होता 116 रुपये 10 आणे 8 पै. म्हणजेच 6 कलदारांस 7 हाली.

यावरून हा दर म्हणजे निव्वळ धातूचा हिशेब, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो पुरेसा नाही. 1893 साली ब्रिटिश सरकारने आपल्या टाकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. त्यानंतर कलदाराचे मूल्य त्यातील चांदीवर अवलंबून न राहता 1 शिलिंग 4 पेन्स या दराने पौंडाशी बांधले गेले. पुढे 1918 च्या कायद्याने हैदराबादने उस्मानिया सिक्का या नावाने कागदी नोटा काढल्या. नोटेत चांदीचा कणही नव्हता, तरी सातास सहा हेच प्रमाण टिकले. ते टिकवून धरले राज्यकर्त्यांच्या धोरणाने, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

न सुटणारा अपूर्णांक

सरकारी तिजोरीत हा दर सोपा होता; बाजारात तो तितकासा सोपा नव्हता. एका कलदाराचे हालीत नेमके 1 रुपया 2 आणे 8 पै होतात. कलदार आण्याच्या हाली 14 पै होतात. या दिशेने हिशेब स्वच्छ सुटतो. उलट दिशेने मात्र एका हालीचे कलदारात 13 आणे 8 पै आणि वर पैचे चार सप्तमांश उरतात. हाली पावलीची किंमत 3 आणे 5 पै व पैचा एक सप्तमांश. सातच्या पटीतील रक्कम सोडली तर हा अपूर्णांक कधीच संपत नाही आणि पैपेक्षा लहान नाणे तर नव्हतेच. तेव्हा हाली घेऊन नदी ओलांडणाऱ्याला तो अपूर्णांक सोडावा लागणार हे उघड आहे. सराफाचा बट्टा त्याहून निराळा. व्यवहार जितका लहान तितका हा भार प्रमाणाने अधिक. म्हणून तो व्यापाऱ्यापेक्षा मजुरावर व लाकूडफाटा विकणाऱ्यावर जास्त पडला असला पाहिजे, असे अनुमान करता येते.

शिवाय दोन्ही नाण्यांची पोच सारखी नव्हती. ब्रिटिशांचा चांदीचा रुपया 1920 पर्यंत पूर्व आफ्रिकेत मोंबासापर्यंत चालत असे. हालीला मात्र वर्धेच्या अलीकडच्या काठावरच सराफ गाठावा लागे.

सीमा आणि सत्ता

ही सीमासुद्धा अचल नव्हती. 1860 च्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील सिरोंचा व लगतचा मुलूख निजामाकडून ब्रिटिशांकडे आला आणि 1874 मध्ये सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडले गेले. त्या गावांचा सारा कोणाच्या तिजोरीत जायचा, हे एका करारनाम्याने बदलले.

29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारानंतर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अवैध ठरविले. दिल्लीने त्यास कराराचा भंग मानले. विनिमयाचा प्रश्न आता सार्वभौमत्वाचा झाला होता. 13 सप्टेंबर 1948 रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत संस्थानाचा पाडाव झाला. परंतु हाली त्यानंतरही अकरा वर्षे जगला. 1950 मध्ये त्याच्या जोडीने भारतीय रुपया आला, दर तोच सातास सहा. 1951 मध्ये हाली काढणे थांबले. 1957 मध्ये दशमान पद्धती आली, तेव्हा जुन्या हालीचे सुमारे 86 नवे पैसे होत होते. 1956 च्या पुनर्रचनेत राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यात गेला व 1959 मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. हालीचे निश्चलनीकरणही 1959 चेच.

अभ्यासकांपुढील अडचण

आज राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात असल्यामुळे जिल्ह्याच्या आकडेवारीची सलग मालिका तयार करताना दोन्ही काठांचे आकडे एकाच स्तंभात मांडण्याचा मोह होतो. समजा, पलीकडे रोजची मजुरी 7 आणे व अलीकडे 6 आणे नोंदलेली आहे. यावरून निजामाच्या राज्यात मजुरी अधिक होती, असा निष्कर्ष कोणी काढील. वस्तुतः दोन्ही रकमा एकच आहेत. सारा, जमिनीचा भाव व कर्ज यांनाही हेच लागू पडते. शंभर रुपयांचे गहाणखत हालीतील असेल तर कलदारात ते 85 रुपये 11 आणे 5 पैचेच ठरते आणि ऋणकोच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हता. म्हणूनच जुन्या दस्तांत रकमेपुढे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ असा उल्लेख आवर्जून केलेला आढळतो. खरी अडचण 1950 ते 1959 या काळातील, केवळ ‘रुपये’ एवढेच लिहिलेल्या दस्तांची आहे. तेथे गाव आणि तारीख पाहून भागत नाही. साऱ्याची पावती किंवा त्याच जमिनीचा आधीचा दस्त शोधून रकमेचा ताळा घ्यावा लागतो.