दसऱ्याला पाऊस संपतो... की सुरू होतो?

मराठ्यांच्या इतिहासाचं एक वेळापत्रक आपल्या डोक्यात फिट्ट बसलेलं असतं. मृग लागला की फौजा घरी. नद्या फुगलेल्या, वाटांवर चिखल, तोफांची दारू ओली, शिवाय शेतीची कामं. त्यामुळे चार महिने मोहिमा बंद. मग दसरा, सीमोल्लंघन, आणि घोड्यांवर पुन्हा खोगीर. इतकं सवयीचं आहे हे, की वेळापत्रकसुद्धा भूगोलातून येतं हे लक्षातच राहत नाही.

आता हेच वेळापत्रक घेऊन नकाशावर खाली सरका. पुण्यापासून सरळ रेषेत साधारण हजार किलोमीटरवर तंजावर आहे. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास ते घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. म्हणजे जवळजवळ १८० वर्षं! पण तिथे दसऱ्याला पाऊस संपत नाही, मोठा पाऊस तेव्हा यायच्या बेतात असतो.

कारण साधं आहे. जूनमध्ये नैऋत्येकडून येणारे वारे सह्याद्री चढताना आपलं बहुतेक पाणी तिथेच ओततात. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याला सातशेच्या आसपास. हे वारे तमिळ किनाऱ्यापर्यंत पोचतात तेव्हा तिकडे उरतात संध्याकाळच्या तुरळक सरी. ऑक्टोबरात वारे उलटे फिरतात, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलून येतात आणि तो किनारा धुऊन काढतात. चेन्नईला वर्षाला सुमारे १,४०० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. २०१५ मध्ये चेन्नई बुडाली ती डिसेंबरच्या सुरुवातीला. मी तिथे प्रोजेक्टवर असताना टीममधली मंडळी ऐन दिवाळीच्या तोंडावर 'आता मान्सून येईल' म्हणून छत्र्या काढायची. आपल्याकडे तेव्हा छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात :-)

असो. मुद्दा असा, की हे कॅलेंडर उलटं धरलं की इतिहासातल्या काही तारखा एकदम बोलायला लागतात.

शिवाजी महाराजांची दक्षिण मोहीम घ्या. १६७७ च्या मे महिन्यात जिंजी ताब्यात आली. जूनमध्ये महाराजांनी शेरखान लोदीला हरवलं. जुलैत कोल्लिडम नदीच्या काठी व्यंकोजीराजांशी भेट झाली. म्हणजे ऐन आषाढात! कोकणात त्या दिवसांत घोडं चालवणं मुश्किल, आणि इथे फौज शेकडो किलोमीटर फिरतेय. त्या प्रदेशात ते दिवस कोरडे असतात म्हणूनच हे जमण्यासारखं होतं.

याच पावसाची दुसरी बाजू मोगलांनी पाहिली. राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला पोचले आणि पुढे १६९० ते १६९८ असा वेढा चालला. वेढा घालणारा झुल्फिकारखान. त्याच्या छावणीत असलेल्या भीमसेन सक्सेनाने १६९२ च्या पावसाचं वर्णन करून ठेवलंय: धान्य महाग, सैनिक दिवसरात्र मोर्च्यांत, आणि सगळा मुलूख एका तळ्यासारखा. अशात डिसेंबरात संताजी आणि धनाजी येऊन धडकले. संताजीने कांचीजवळ अली मर्दानखानाला पकडलं, मोगलांची रसद तुटली, आणि जानेवारी १६९३ मध्ये झुल्फिकारखानाला वांदिवाशला मागे हटावं लागलं. पराक्रम संताजी-धनाजींचाच, यात वाद नाही. पण उत्तरेतल्या फौजा ज्या महिन्यांत हक्काने लढतात, नेमके तेच महिने जिंजीला चिखलाचे होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

सह्याद्रीतला किल्ला स्वतःच्या डोक्यावर पडलेल्या पावसावर जगतो. कातळात खोदलेली टाकी, रायगडावर गंगासागर तलाव. चार महिने साठवायचं, आठ महिने प्यायचं. शत्रूने खाली कितीही वेढा घातला तरी तुमचं पाणी तुमच्याकडेच.

तंजावरचं बरोबर उलटं. सपाट त्रिभुज प्रदेश, डोंगर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ कोरडं आणि कावेरी मात्र भरलेली, कारण ते पाणी चारशेहून जास्त किलोमीटरवरच्या कोडगूच्या डोंगरांत पडलेलं असतं. नंतर दोन-तीन महिन्यांनी स्वतःचा पाऊस. या दोन पाण्यांवर भाताची पिकं आणि राज्याचा सगळा महसूल. पण कावेरीचं पाणी शेजारच्या खोल कोल्लिडममध्ये निसटून जाऊ नये म्हणून बांध लागतो. तोच कल्लणै, करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा. आणि हा बांध तंजावरच्या पश्चिमेला, तिरुचिरापल्लीजवळ, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या मुलखाला लागून!

१७६० च्या दशकात भांडण झालंच. तंजावरच्या राजाला कावेरीच्या बांधाची दुरुस्ती करायची होती आणि नवाब म्हणाला, ही जागा माझी. म्हणजे धरणाच्या पाण्याची भांडणं आपल्याच काळातली नाहीत. पुढे १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या मदतीने तंजावरच घेतलं. त्यामागे थकलेली खंडणी आणि इतर भानगडीही होत्या. १७७६ मध्ये राज्य तुळजाजींना परत मिळालं, पण कंपनीच्या कृपेने. १७९९ च्या तहाने कारभारच कंपनीकडे गेला.

आपल्याकडच्या चर्चांमध्ये व्यंकोजीराजांना एका ओळीत निकालात काढतात: थोरल्या भावासारखी हिंमत नव्हती, सुपीक मुलखात सुखावले. मला हे अन्यायाचं वाटतं. डोंगरातला राजा किल्ला किल्लेदारावर सोपवून वर्षभर फिरू शकतो. कालव्यांच्या मुलखातल्या राजाला दरवर्षी गाळ काढायचा असतो, बांध राखायचे असतात आणि वरच्या शेजाऱ्याशी पटवूनही घ्यायचं असतं. तिथे जागेवर बसून राहणं हाच राज्यकारभार असतो. सह्याद्रीच्या फूटपट्टीने कावेरीकाठचा माणूस मोजला तर तो नेहमी बुटकाच भरणार.

तेव्हा पुढच्या वेळी मराठ्यांच्या तंजावर किंवा जिंजीबद्दल वाचाल, तेव्हा शेजारी पावसाचा नकाशा उघडून ठेवा. तारखेच्या पुढे महिना लिहिलेला असतोच, त्या महिन्यात आभाळ कसं होतं तेवढं बघा.