कायमचा पत्ताबदल : '३०१'चा मागोवा

रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली होती. तोवर प्रत्येक बँकेने आपले संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली न्यायचे होते. बनावट संकेतस्थळांवरून होणारी लूट थांबावी, हा त्यामागचा हेतू. 'डॉट इन'चा कारभार दिल्लीच्या निक्सी या संस्थेकडे, या खास नावांची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे. दिल्लीत द्वारकेला मुख्यालय असलेली पंजाब नॅशनल बँकही नव्या नावावर गेली. पण जुनाच पत्ता बोटांत बसलेल्या खातेदाराला नव्या दारी कोण नेणार? ते काम एका तीन आकडी निरोपाचे आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९२मध्ये सर्न इथे एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांचा, जो आराखडा लिहिला, त्यातच ३०१ आहे. मागितलेल्या मजकुराला नवा पत्ता मिळाला असून हा बदल कायमचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी ३०२ होता. मे १९९६च्या एचटीटीपी १.० दस्तऐवजात दोघांची विभागणी स्पष्ट झाली : एक कायमचा, दुसरा तात्पुरता. हा फरक वरवरचा नाही. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी जुन्या पत्त्यावर न जाता थेट नव्याकडे वळू शकतो. चुकीचा ३०१ दिला, तर तो मागे घेणे जड जाते.

म्हणूनच की काय, सर्व्हर 'कायमचे' हा शब्द स्वतःहून उच्चारत नाहीत. १९९५मध्ये आलेल्या अपाचीत नुसते 'रिडायरेक्ट' लिहिले तर ३०२ जातो; 'परमनंट' किंवा ३०१ मुद्दाम लिहावे लागते. इगोर सिसोएव्ह यांनी २००४मध्ये खुल्या केलेल्या एन्जिनएक्समध्ये 'रिटर्न'पुढे फक्त पत्ता दिला तरी तेच, आणि मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसमधल्या साध्या रिडायरेक्टचेही तेच. एन्जिनएक्समध्ये आणखी एक खाच आहे. अपाचीचे 'रिडायरेक्ट' जुन्या पत्त्याचे शेपूट आपोआप नव्याला जोडते. एन्जिनएक्सच्या 'रिटर्न'मध्ये त्यासाठी 'रिक्वेस्ट यूआरआय' हे चल लिहावे लागते. ते राहून गेले, की दहा वर्षांपूर्वीचे परिपत्रक शोधणारा माणूस मुखपृष्ठावर जाऊन पडतो. माझ्या मते हे पान हरवण्याइतकेच वाईट, कारण इथे चूक झाल्याचा संदेशही दिसत नाही.

दिल्लीत हा प्रश्न बँकांच्या कितीतरी आधीचा आहे. १९७६मध्ये स्थापन झालेल्या, लोधी रोडवरच्या सीजीओ संकुलातल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) सरकारला वेबवर आणले, म्हणून असंख्य कार्यालयांचे पत्ते 'एनआयसी डॉट इन'वर संपत. पुढे निवडणूक आयोग, सर्वोच्च न्यायालय, पत्र सूचना कार्यालय 'गव्ह डॉट इन'वर आले; लोकसभा 'संसद डॉट इन'वर गेली. यात पत्र सूचना कार्यालयाचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथल्या जुन्या पत्त्यांत प्रसिद्धिपत्रकाचा क्रमांक 'रेलआयडी' नावाने प्रश्नचिन्हानंतर येई, नव्यांत 'पीआरआयडी' येतो. अशा ठिकाणी नुसते डोमेन बदलून भागत नाही. अपाचीचे साधे 'रिडायरेक्ट' प्रश्नचिन्हानंतरचा भाग तपासतच नाही. त्यासाठी राल्फ एंगेलशाल यांनी १९९६मध्ये लिहिलेले मॉड-रीराइट लागते, आणि जुना-नवा क्रमांक समोरासमोर मांडलेला तक्ताही लागतो. एन्जिनएक्समध्ये तो तक्ता 'मॅप'मध्ये बसतो. पण तो तयार करायला जुनी पाने ओळखणारा माणूस हवा, आणि निविदेत त्याच्या कामाचे तास धरलेले हवेत.

गूगल असे रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवायला सांगते. दुकानाला ते पुरेल. सरकारी पानांचे हवाले मात्र निकालपत्रांत, प्रबंधांत, पुस्तकांत छापले गेलेले असतात, आणि छापलेला पत्ता कुणी दुरुस्त करत नाही. तेव्हा नवे संकेतस्थळ उभारणाऱ्या प्रत्येक खात्याला विनंती आहे : जुन्या डोमेनचे नूतनीकरण थांबवू नका, आणि पानापानाचा तक्ता तयार झाल्याखेरीज उद्घाटनाची तारीख ठरवू नका.