पुठ्ठ्याची खुर्ची

पन्हळी पुठ्ठा कापून, दुमडून वा खाचांत गुंतवून केलेले, शरीराच्या ठेवणीस अनुरूप आसन. पन्हळी कागदाचे पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली टोप्यांच्या अस्तरासाठी घेतले गेले. खोकी नंतरची [→ कागद]. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांची ‘विगल’ ही पुठ्ठ्याची खुर्ची १९७२ ची. मुंबईत ‘आरंभ’ संस्थेने जुन्या खोक्यांतून दप्तर म्हणूनही वापरता येणारे डेस्क बनवले. वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘कार्डबोर्ड’ कॅफेत (२०१९) आसनेही पुठ्ठ्याची होती.

पुठ्ठ्यातील पन्हळी उभ्या असल्या तर भार पेलतात, आडव्या असल्या तर चेपतात. सारी रचना यावर उभी असते. खाच पुठ्ठ्याच्या जाडीहून किंचित अरुंद ठेवतात, नाहीतर जोड डुगडुगतो. बैठकीची उंची गुडघ्यामागील खोबणीपासून तळपायापर्यंतच्या अंतरावरून ठरते. पुढची कड गोलसर, पाठ किंचित मागे कललेली व कमरेला टेकू देणारी असावी. भारतीय शरीरमापांसाठी देबकुमार चक्रवर्ती यांचा १९९७ चा ग्रंथ पायाभूत आहे [→ मानवमिती]. पावसाळी दमटपणाने पुठ्ठा नरम पडतो. प्लॅस्टिकचा जलरोधक लेप त्याला वाचवतो, मात्र पुनर्चक्रीकरण अवघड करतो.