स्टेपनी, डिफरन्शियल आणि एका टायरची किंमत

'स्टेपनी' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो कुठून आला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. इंग्लंडमध्ये जाऊन विचारलंत तर बहुतेकांना लंडनचा एक भाग आठवेल, जादा चाक नाही. खरी गोष्ट वेल्समधल्या लानेली गावातली आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये एक नवीन वस्तू विकायला काढली. त्या काळी गाड्यांबरोबर जादा चाक येतच नसे. यांनी आरे नसलेली एक रिम बनवली, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालं की ही रिम मूळ चाकाला शिकंज्यांनी आवळायची आणि पुढे निघायचं. रस्त्याचं नाव वस्तूला मिळालं आणि वस्तू जगभर गेली. ब्राझीलमध्ये आजही 'एस्टेपे' म्हणतात आणि आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून आरटीओपर्यंत सगळे स्टेपनी म्हणतात.

त्या स्टेपनीमागे एक साधा विचार होता: एक चाक बिघडलं, एक बदला, कामाला लागा. बाकीच्या तीन चाकांना त्याच्याशी काय देणंघेणं?

हा प्रश्न मला पडायचं कारण म्हणजे ऑनसाइटला बॉस्टनजवळ राहणारा एक मित्र. त्याच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचा एक टायर खड्ड्यात साइडवॉलवर फाटला. उरलेले तीन साधारण निम्मे झिजलेले, म्हणजे अजून दोनेक वर्षं चालतील असे. दुकानदार म्हणाला, "चारही बदला." मित्राचा फोन आला. "अरे, हे मला लुटतायत का रे? एका टायरचं बिल चारपट कसं होतं?" मी म्हटलं, विकेंडला बघतो. आणि बघता बघता थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचलो.

मंडळी, मूळ अडचण वळणाची आहे. शाळेत कवायतीला रांग वळायची तेव्हा बाहेरच्या टोकाचा मुलगा लांब ढांगा टाकायचा आणि आतला जागच्या जागी पाय आपटायचा, आठवतंय? गाडीच्या चाकांचंही तसंच. बैलगाडीला याचा त्रास नाही, कारण तिची दोन्ही चाकं कण्यावर आपापली फिरतात. पण इंजिनाने कणाच फिरवायचा म्हटलं की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार आणि वळणावर एक तरी घासणार. यावर पॅरिसच्या ओनेसिफोर पेकरने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी तोडगा काढला: डिफरन्शियल. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना द्यायची, पण वेग वेगळे ठेवायची मुभा असू द्यायची. पुढे १८७७ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तेच तत्त्व तीनचाकी सायकलला लावलं आणि मोटारींनी ते जसंच्या तसं उचललं.

आता चारही चाकं फिरवायची म्हटली की प्रश्न तिप्पट होतो. पुढच्या दोन चाकांत एक डिफरन्शियल, मागच्या दोनांत एक. पण वळणावर पुढची जोडी आणि मागची जोडीसुद्धा वेगवेगळं अंतर कापतात. त्यांच्यामध्ये काय?

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं उत्तर होतं: काहीच नाही! फोर-व्हील टाकलं की पुढचा-मागचा कणा एकमेकांना घट्ट जोडलेला. चिखलात, वाळूत चाकं थोडी घसरतात आणि फरक तिथेच जिरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ताण साठत जातो, म्हणून तिथे फोर-व्हील काढून टाकायचं. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली आणि हाच नियम आपल्याकडे रुजला. जिप्सी आणि थार याच वंशातल्या. डांबरी रस्त्यावर त्या टू-व्हील ड्राइव्हच असतात, त्यामुळे एक टायर नवा आणि तीन जुने असले तरी गिअरबॉक्सला फारसं काही वाटत नाही. "काही होत नाही साहेब, एकच टाका" हा आपल्या मेकॅनिकचा सल्ला त्याच्या अनुभवाला धरूनच असतो.

पण ड्रायव्हरला काही काढा-घाला न करता कायमची चारही चाकं हवी असतील तर? हा ध्यास ट्रॅक्टरवाल्या हॅरी फर्ग्युसनने घेतला. त्याच्या कंपनीने बनवलेल्या चारचाकी ड्राइव्हच्या रेसिंग गाडीने १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉसच्या हाती औल्टन पार्कची शर्यत जिंकली, पण ते बघायला फर्ग्युसन नव्हता. तो आदल्या वर्षीच गेला. १९६६ मध्ये त्याचंच तंत्र घेऊन जेन्सन एफएफ रस्त्यावर आली. मध्ये तिसरं डिफरन्शियल, ताकद पुढे ३७ टक्के आणि मागे ६३. महागडी गाडी, जेमतेम ३२० बनल्या आणि १९७१ मध्ये बंद झाली.

मग आली ऑडी. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात त्यांच्या इंजिनिअरांना दिसलं की फोक्सवॅगनची लष्करी इल्टिस, कमी ताकदीची असूनही, बाकीच्या गाड्यांना भारी पडते. त्यातून क्वाट्रोचा प्रोटोटाइप तयार झाला. सुरुवातीला त्यात मधलं डिफरन्शियल नव्हतं. बर्फात झकास, पण शहरात पार्किंगच्या घट्ट वळणावर गाडी अडखळायची, उड्या मारायची. शेवटी एका पोकळ शाफ्टची युक्ती करून मधलं डिफरन्शियल बसवलं आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हात क्वाट्रो जगासमोर आली. पुढच्याच वर्षी त्याच गाडीत मिशेल मूतोंने सानरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतला स्त्रीने मिळवलेला तो पहिला विजय.

तिकडे अमेरिकेत १९७९ मध्ये आलेल्या एएमसी ईगलने दुसरी वाट धरली: व्हिस्कस कपलिंग. एका डब्यात सिलिकॉनचं दाट तेल आणि त्यात एकाआड एक चकत्या. चकत्यांचे वेग थोडे वेगळे असले तर चालतं, फार वेगळे झाले की तेल तापतं आणि चकत्यांना जखडतं. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाल्डेक्सने हे काम क्लच, तेलाचा दाब आणि कॉम्प्युटर यांच्याकडे दिलं. म्हणजे आता आपल्या जातवाल्यांचा कोडसुद्धा मध्ये आला.

आता मित्राचा टायर. कोऱ्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, त्याच्या जुन्यांची ४. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात सुमारे २५ मिलिमीटर. चाकाचा परिघ २.१ मीटर धरला तर ढोबळ हिशेबाने नवं चाक किलोमीटरमागे पाच-सहा फेरे कमी घेतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या एका खेपेत पाचशेच्या वर! मधल्या डिफरन्शियलपर्यंत याचा निम्मा भाग पोचतो, पण तो सतत पोचतो. गाडी सरळ रस्त्याने जात असते आणि आतल्या यंत्राला वाटतं, ही कायम वळतेय. वळणापुरतं काम करायला बनवलेले गिअर तासन् तास फिरत राहतात. व्हिस्कस कपलिंगमधलं तेल तापत राहतं, क्लच घासत राहतो. यातलं काही गेलं तर खर्च चार टायरांच्या कितीतरी पुढे जातो. म्हणूनच सुबारूने अमेरिकेत चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नको असं सांगितलं. नक्षीच्या भाषेत तो जेमतेम १ मिलिमीटर!

आपल्या भाषेत याला टाइट कपलिंग म्हणतात. एक मॉड्यूल बदललं की बाकीची तीन पुन्हा टेस्ट करा.

म्हणजे दुकानदार लुटत नव्हता. पण पूर्ण खरंही सांगत नव्हता. 'चारही बदला' हा सगळ्यात सोपा उपाय, एकमेव नाही. तीन चांगले टायर भंगारात टाकण्याआधी नक्षी मोजायला डेप्थ गेज लागतं आणि ते फार महाग नसतं. फरक गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर त्याच मेकचा, त्याच मॉडेलचा एकच टायर चालतो. फरक जास्त असेल तर अमेरिकेत नवा टायर मशीनवर तासून जुन्यांइतका करून देणारी दुकानं आहेत. कोरं रबर पैसे देऊन खरवडायचं हे आपल्या मनाला पटत नाही खरं, पण तीन टायर वाचतात. मित्राने तेच केलं.

गंमत म्हणजे पुढे एक आणि मागे एक मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत दोन कण्यांमधला लोखंडी दुवाच गेला. तिथे मधलं डिफरन्शियल नाही, ताळमेळ फक्त सॉफ्टवेअरचा. पण त्याच सुमाराला स्टेपनीही चाललीय. भारतात २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर कारमध्ये स्टेपनी सक्तीची राहिली नाही.

असो. तुमच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर एवढंच करा. तिला डिकीत नवी कोरी जपून ठेवू नका. टायर अदलाबदलीच्या वेळी पाचवा टायर म्हणून तिलाही फिरवा. पाचही सारखे झिजले की १९०४ चा हिशेब पुन्हा लागू होतो: एक फाटला, एक बदला, कामाला लागा.