तलाव, सांदवाडी आणि ताजी भाजी

भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून प्रसिद्ध आहेत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. तथापि दोहोंचा पूर्वेतिहास एकच आहे, आणि तो तलावांवांचून सांगतां येत नाहीं. या तलावांनीं भात पिकविला हें सर्वश्रुत आहे. भाताबरोबरची भाजीहि त्यांनींच पिकविली, इकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

तलाव बांधण्यांत कोहळी समाजाची ख्याति जुनी आहे. नवेगांवबांध येथील विस्तीर्ण जलाशयाचें श्रेय परंपरा अठराव्या शतकाच्या आरंभींच्या कोलू पाटील कोहळी यास देते. टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळीनें अडवावयाच्या आणि सांठलेलें पाणी पाटानें खालच्या बांध्यांत सोडावयाचें, अशी ही रीत. तलाव भरला म्हणजे त्याचा पाझर जवळपासच्या विहिरींना पोंचे, आणि विहिरीस पाणी असलें म्हणजे घरामागील सांदवाडी हिरवी राही. तींत वांगीं, वाल, माठ, आंबाडी व मांडवावर चढविलेला भोपळा असे. मरार लोक बाजारासाठीं भाजीचे मळे करीत. ढीवर लोक तलावांत शिंगाडा लावीत. बांधीच्या धुऱ्यावर तूर उभी राही. पावसाळा लागतांच तरोट्याचीं कोंवळीं पानें व पुढें बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, रानांतून घरीं येत.

तांदूळ खाणाऱ्या प्रदेशास या भाजीची विशेष गरज असते. जावा बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच वैद्य आइकमन यास असें आढळलें कीं, केवळ सडलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंडा दिल्यानें बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यास १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु कोंड्यानें सर्वच उणीव भरून निघत नाहीं. तांदूळ सडलेला असो वा नसो, त्यांत ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसतें, आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचीहि तीच गत. ती उणीव पालेभाजी भरून काढते. त्यांतहि ‘क’ जीवनसत्त्व फार नाजूक: खुडलेला पाला उन्हांत पडून राहिला तर एकदोन दिवसांतच त्याचा मोठा भाग नाहींसा होतो. म्हणून जवळच्या भाजीचा गुण तिच्या गांवांत नसून तिच्या ताजेपणांत आहे. दुरून आलेली भाजी टाकाऊ नव्हे. पण सकाळीं खुडून दुपारीं शिजविलेल्या माठाची बरोबरी तीन दिवसांच्या सुकलेल्या जुडीस करतां येत नाहीं.

बंगाल-नागपूर रेल्वेमुळें गोंदियास मोठें जंक्शन लाभलें, आणि परमुलखाचा माल सहज येऊं लागला. त्यानें ताटांत विविधता आली, हें खरें. खरी हानि दुसरीकडे झाली. ३१ मार्च १९५१ रोजीं, हा मुलूख मध्य प्रदेशांत असतांना, मालगुजारी नष्ट झाली. कुळांच्या मानेवरील जूं उतरलें, हें योग्यच झालें. परंतु तलाव सरकारकडे गेल्यावर पाळ दुरुस्त करण्याची व गाळ काढण्याची जुनी व्यवस्था विस्कटली. अनेक तलाव उथळ झाले. तलाव उथळ झाला म्हणजे पाझर आटतो, मग विहीर, आणि शेवटीं सांदवाडी.

शहरांतील गृहिणीनें भाजी ताजी घ्यावी, चिरण्यापूर्वीं धुवावी व थोड्या पाण्यांत झांकण ठेवून शिजवावी, हा उपदेश रास्तच आहे. परंतु ताजी भाजी बाजारांत येण्यास जवळपास कोठें तरी पाणी असावें लागतें. गाळ काढण्याचा खर्च केवळ शेतीच्या खात्यावर न मांडतां आरोग्याच्याहि खात्यावर मांडला पाहिजे, असें या प्रदेशाचा इतिहास सांगतो.